एका वेळी एकच अक्षर

जीडीबी या डीबगरच्या सोर्सकोडमध्ये, टेस्टच्या फोल्डरात, ‘रीड१’ नावाची एक लहानशी सी फाइल आहे. टर्मिनलवरून वाचणारा कुठलाही प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टिमकडे मागणी करतो, की जास्तीत जास्त इतके बाइट दे; आणि तोवर जेवढं जमा झालं असेल तेवढं सिस्टिम एका दमात देऊन टाकते. रीड१ या दोघांच्या मधे उभी राहते. मागणी चार हजार बाइटांची असो की दहाची, ती पुढे पोचवताना आकडा बदलून १ करते. शंभर अक्षरांचं उत्तर वाचायला मग शंभर खेपा. वेगासाठी जिवाचा आटापिटा करणाऱ्या माणसांनी हा संथपणा मुद्दाम लिहिला आहे, आणि जीडीबीच्या टेस्टमध्ये वर्षानुवर्षं दडून बसलेल्या कितीतरी चुका त्यानेच उजेडात आणल्या.

त्या चुका कसल्या, हे कळण्यासाठी आधी डीबगरची टेस्ट कशी चालते ते पाहायला हवं. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली जीडीबी लिहिला. चालू प्रोग्रॅमला हव्या त्या ओळीवर थांबवायचं, त्याच्या पोटातले आकडे वाचायचे, एकेक पाऊल पुढे न्यायचं, ही त्याची कामं. तो माणसाशी टर्मिनलमध्ये बोलतो. आपण एक आज्ञा टाइप करायची, त्याने उत्तर छापायचं, आणि उत्तर संपल्याची खूण म्हणून कंसात ‘जीडीबी’ लिहून पुढे एक मोकळी जागा सोडायची. या खुणेला प्रॉम्प्ट म्हणतात. म्हणजे, आता तुमची पाळी.

टेस्टही याच दारातून आत जाते. डॉन लाइब्स यांनी अमेरिकेतल्या एनआयएसटी या संस्थेत असताना ‘एक्स्पेक्ट’ नावाचं एक साधन लिहिलं आणि १९९० मध्ये ते जगापुढे मांडलं. जॉन ऑस्टरहाउट यांच्या टीसीएल भाषेवर ते उभं आहे. एक्स्पेक्ट एक खोटं टर्मिनल तयार करतं, त्यात दुसरा प्रोग्रॅम सुरू करतं आणि माणूस बसल्यासारखं त्याच्याशी बोलतं: हे टाइप कर, उत्तरात अमुक साच्याचा मजकूर दिसेपर्यंत थांब, दिसला की पुढचं टाइप कर. सिग्नस कंपनीत घडलेली ‘देजाग्नू’ ही टेस्टची चौकट त्यावर रचली आहे, आणि जीडीबीची टेस्ट अजूनही तिच्यातच चालते. आजच्या लिनक्स मशीनवर सगळा संच चालवला तर ‘पास’ अशा एक लाखाहून जास्त ओळी निघतात. एवढे प्रश्न विचारले जातात, एवढी उत्तरं वाचली जातात, सगळं अक्षराअक्षराने, टर्मिनलमधून.

अडचण सुरू होते ती इथेच. टर्मिनल हा बाइटांचा सलग प्रवाह आहे. त्यात ‘इथे एक निरोप संपला’ अशी रेघ कुठेच नसते. जीडीबीने तीन ओळी छापल्या तर त्या एक्स्पेक्टला एका खेपेत मिळतील, दोन खेपांत मिळतील, की दुसऱ्या ओळीच्या मधोमध तुटून मिळतील, हे त्या क्षणी प्रोसेसर कुणाला किती वेळ मिळाला यावर ठरतं. मशीन निवांत असेल तर जीडीबीचं छापून होतं आणि मग एक्स्पेक्टला जाग येते. सगळं उत्तर एकदम हाती. मशीनवर दुसरी शंभर कामं चालू असतील तर जीडीबी अर्ध्यावर थांबवला जातो, एक्स्पेक्ट जागं होतं आणि अर्धंच उत्तर वाचतं. कोड तोच, उत्तर तेच, आणि निकाल मात्र वेगळा. दोन घटनांपैकी आधी कुठली घडते यावर निकाल अवलंबून असणं, यालाच प्रोग्रॅमर रेस कंडिशन म्हणतात.

आता एक नेमकी चूक पाहू. टेस्टने ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्रॅमने थांबायची जागा, लावायची आज्ञा दिली. जीडीबीचं उत्तर असं असतं: ब्रेकपॉइंट १ अमुक पत्त्यावर, अमुक फाइल, अमुक ओळ; आणि त्यानंतर प्रॉम्प्ट. टेस्ट लिहिणाऱ्याने साचा दिला, ‘ब्रेकपॉइंट १’ आणि त्यापुढे एक टिंब आणि एक तारा. रेग्युलर एक्स्प्रेशनच्या भाषेत टिंब-तारा म्हणजे पुढे जे काही असेल ते सगळं. सगळं उत्तर एका खेपेत आलं तर टिंब-तारा पत्ता, फाइल, ओळ आणि प्रॉम्प्टही गिळून टाकतो, आलेला मजकूर साठवणारा बफर मोकळा होतो, आणि टेस्ट पास होते. पण उत्तर जर ‘ब्रेकपॉइंट १’ इथेच तुटलं, तर? साचा तरीही जुळतो, कारण ‘पुढे जे काही असेल ते’ यात ‘काहीच नसेल’ हेही बसतं. टेस्ट तेव्हाही पासच होते. उरलेलं उत्तर आणि तो प्रॉम्प्ट मात्र मागाहून येऊन बफरमध्ये पडून राहतात.

पुढची आज्ञा जाते. टेस्ट उत्तराची वाट पाहते, आणि तिला समोर दिसतो मागच्या उत्तराचा शिळा प्रॉम्प्ट. प्रॉम्प्ट दिसला म्हणजे उत्तर संपलं; हवा तो मजकूर तर आलाच नाही; म्हणून फेल. तेवढ्यात खरं उत्तर येतं, पण आता ते तिसऱ्या प्रश्नाच्या वाट्याला जातं. तिसऱ्याचं चौथ्याच्या. इथून पुढे प्रत्येक प्रश्नाला आधीच्या प्रश्नाचं उत्तर मिळत राहतं आणि लॉगमध्ये फेलची रांग लागते. मला यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे, की जिथे चूक आहे त्या ओळीपुढे लॉगमध्ये ‘पास’ लिहिलेलं असतं. आरोप होतो तो तिच्यामागून आलेल्या निर्दोष टेस्टवर.

मराठी बोलणाऱ्याला ही गोष्ट एका वाक्यात पटावी. आपल्याकडे नकार शेवटी येतो. फोनवर ‘मी उद्या सकाळच्या गाडीने येणार’ एवढंच ऐकून कुणी स्टेशनवर न्यायला निघाला, आणि त्यानंतर पलीकडून ‘नाही’ हा शब्द आला, तर ऐकणाऱ्याच्या कानात काही दोष नव्हता. त्याने ऐकलेला प्रत्येक शब्द खरा होता. त्याने फक्त वाक्य संपलं असं धरलं.

‘वाक्य संपलं’ हे संगणकाला सांगायचं कसं? रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये त्यासाठी डॉलरचं चिन्ह आहे. मजकुराचा शेवट, असा त्याचा अर्थ कुठल्याही पुस्तकात दिलेला असतो. पुस्तकातला मजकूर आधीच पूर्ण असतो, म्हणून तो अर्थ तिथे बरोबर आहे. एक्स्पेक्टसमोरचा मजकूर अजून येतो आहे. तिथे डॉलर म्हणजे ‘आत्तापर्यंत जे आलं त्याचा शेवट’, आणि तुकडा जिथे तुटेल तिथे हा शेवट सरकतो. जीडीबीच्या टेस्टमध्ये ‘प्रॉम्प्ट आणि मग डॉलर’ असा साचा हजारो ठिकाणी आहे, आणि तो तोवरच भरवशाचा आहे जोवर उत्तराच्या पोटात प्रॉम्प्टसारखं दिसणारं काही येत नाही आणि प्रॉम्प्टनंतर आणखी काही छापलं जात नाही. या दोन्ही अटी मोडणारी उत्तरं जीडीबीमध्ये आहेत. प्रोग्रॅमला पार्श्वभूमीत सोडून द्यायची आज्ञा दिली की जीडीबी लगेच प्रॉम्प्ट छापतो, आणि प्रोग्रॅम ब्रेकपॉइंटवर पोचला की त्याची वर्दी प्रॉम्प्टच्याही नंतर छापतो.

अशी चूक पकडायची कशी? साधा मार्ग म्हणजे तीच टेस्ट पुन्हा पुन्हा चालवणं. जीडीबीच्या मेकफाइलमध्ये तशी सोय आहे. किती वेळा चालवायचं तो आकडा द्यायचा, आणि कधी पास तर कधी फेल होणाऱ्या टेस्टची यादी शेवटी हाती येते. दुसरा मार्ग मशीनला त्रास देण्याचा: एकाच वेळी भरपूर टेस्ट चालवा, किंवा सगळ्या प्रोसेसना एकाच कोअरवर कोंबा, म्हणजे वेळापत्रक बिघडेल. दोन्ही मार्ग उपयोगी आहेत, पण दोन्हींत आपण नशिबाची वाट पाहत असतो. हजार वेळा चालवूनही नेमका तो तुकडा नेमका तिथे तुटलाच नाही, तर टेस्ट सुदृढ आहे असं वाटून जातं.

नशीब किती मोठं आहे याचा हिशेब करून पाहावा. शंभर बाइटांच्या उत्तरात अक्षरांमधल्या ९९ जागा असतात. प्रत्येक जागी मजकूर तुटेल किंवा तुटणार नाही. म्हणजे तुटण्याच्या एकूण तऱ्हा २ चा ९९ वा घात. हा आकडा लिहायला ३० अंक लागतात. शंभर बाइट म्हणजे टर्मिनलवरच्या जेमतेम दोन ओळी. या सगळ्या तऱ्हा एकेक करून तपासणं कुणालाही, कुठल्याही मशीनवर, कधीच शक्य नाही.

आणि इथे रीड१ येते. एका वेळी एक बाइट मिळाला की एक्स्पेक्टला प्रत्येक अक्षरानंतर थांबून पाहावं लागतं: साचा जुळला का? पहिल्या अक्षरानंतर पाहिलं, पहिल्या दोनांनंतर, पहिल्या तिनांनंतर, थेट शंभरापर्यंत. अपुऱ्या उत्तराची जितकी म्हणून रूपं असू शकतात ती सगळी या ओघात एकदा तरी नजरेखालून जातात, कारण उत्तर कुठेही तुटो, तुटेपर्यंतचा भाग हा या शंभरांपैकीच एक असतो. समजा रीड१ लावूनही साचा शेवटच्या बाइटाआधी कुठेच जुळला नाही. मग त्याचा अर्थ असा होतो, की उत्तर कसंही तुकड्यांत आलं तरी हा साचा घाईने जुळणार नाही. त्या ३० अंकी संख्येइतक्या शक्यता, एका रनमध्ये, शंभर पावलांत निकालात निघाल्या. योगायोगाने घडणारी वाईटात वाईट वेळ मुद्दाम, प्रत्येक वेळी घडवायची, ही या छोट्या फाइलमागची कल्पना आहे, आणि संगणकाच्या जगात इतकी स्वच्छ कल्पना क्वचित भेटते.

ती अमलात आणायची रीतही सुरेख आहे. लिनक्सवर एलडी प्रीलोड नावाचा एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल असतो. त्यात एखाद्या लायब्ररीचं नाव लिहून प्रोग्रॅम सुरू केला, की त्या लायब्ररीतली फंक्शनं सिस्टिमच्या फंक्शनांआधी धरली जातात. एक्स्पेक्टचा किंवा टीसीएलचा कोड जराही न बदलता त्यांच्या वाचण्याच्या फंक्शनची जागा रीड१ घेते. वाचलं जातंय ते टर्मिनल आहे की साधी फाइल, हे ती आधी तपासते आणि फक्त टर्मिनलसाठीच एकेक बाइट देते. पहिल्यांदा हाक मारली गेल्यावर ती आणखी एक काम करते: एलडी प्रीलोड रिकामा करून टाकते. कारण एक्स्पेक्ट पुढे जीडीबीला जन्म देणार आहे, आणि मूल आईबापांचे व्हेरिएबल घेऊन जन्माला येतं. तो रिकामा केला नाही तर जीडीबी स्वतःही एकेक अक्षर वाचू लागेल, आणि मग आपण तपासतोय तो डीबगर लोक वापरतात तो डीबगर राहणार नाही. ऐकणारा बदलायचा, बोलणाऱ्याला हात लावायचा नाही. एवढ्याशा फाइलमधला हा काटेकोरपणा मला फार आवडतो.

दोष सापडल्यावर दुरुस्ती बहुधा लहान असते. शेवटचा टिंब-तारा काढायचा आणि साचा प्रॉम्प्टपर्यंत पूर्ण लिहायचा, म्हणजे उत्तराचा शेवटचा बाइट याच टेस्टच्या हिशेबात जमा होतो आणि पुढच्या टेस्टसाठी काही उरत नाही. हेच वारंवार लिहावं लागू नये म्हणून साच्याला प्रॉम्प्टचं शेपूट आपोआप जोडणारा एक पर्याय जीडीबीच्या टेस्ट-लायब्ररीत घातला आहे. ज्या दोषामागे लोकांनी आठवडे घालवलेले असतात, त्याचा पॅच कधी कधी दोन अक्षरांचा निघतो.

मोठ्या उत्तरांची गोष्ट मात्र वेगळी. एकेक अक्षर देण्याने काही टेस्ट भलत्याच कारणाने फेल होऊ लागतात: वेळ संपला म्हणून. एक्स्पेक्टची वाट पाहण्याची मर्यादा मुळात १० सेकंदांची. नवं अक्षर आलं की एक्स्पेक्ट साचा पुन्हा पहिल्यापासून जुळवून पाहतं, साठलेल्या सगळ्या मजकुरावर. उत्तर दहा हजार बाइटांचं असेल तर पहिल्या फेरीत १ बाइट पाहायचा, दुसरीत २, शेवटच्या फेरीत १०,०००. बेरीज जाते ५ कोटींवर. आणि साच्यात दोन-तीन टिंब-तारे असले की दर फेरीला रेग्युलर एक्स्प्रेशनचं इंजिन पुढेमागे किती वेळा धावेल ते वेगळंच.

उपाय असा, की सगळं उत्तर साठू द्यायचं नाही. एक ओळ पूर्ण झाली की साचा तिच्यावर जुळवायचा, ती ओळ बफरमधून काढून टाकायची आणि पुढच्या ओळीसाठी पुन्हा वाट पाहायची. तेच दहा हजार बाइट पन्नास-पन्नासच्या दोनशे ओळींत वाचले तर बेरीज होते साधारण अडीच लाख. ५ कोटी आणि अडीच लाख! शिवाय प्रत्येक ओळीनंतर घड्याळ नव्याने सुरू होतं, त्यामुळे हळू मशीनवरही दहा सेकंद पुरतात. रेस शोधायला म्हणून आणलेल्या साधनाने टेस्ट लिहिण्याची पद्धतच सुधारली.

त्या ३० अंकी संख्येच्या हिशेबात एक शब्द मी जपून वापरला होता: घाईने. साचा वेळेआधी जुळण्याची चूक रीड१ पकडते. उलट्या दिशेची चूक तिला दिसत नाही. कधी कधी टेस्टची सवय अशी लागलेली असते, की उत्तर तुकड्यांत येईल. पहिला तुकडा एक साचा घेईल, दुसरा तुकडा दुसरा घेईल. मग एखाद्या दिवशी दोन्ही तुकडे एकदम येतात, आणि पहिल्या साच्यातला हावरा टिंब-तारा दोन्ही गिळतो. दुसरा साचा उपाशीच राहतो आणि दहा सेकंदांनी फेल होतो. यासाठी त्याच सी फाइलला पुढे दुसरं रूप दिलं गेलं, ‘रीडमोअर’. ते वाचण्याआधी किंचित थांबतं, आणखी मजकूर जमू देतं आणि शक्य तेवढं एकदम देतं. एकाच फाइलमध्ये आता कमालीचा तुटक वाचक आहे आणि कमालीचा साठवून वाचणाराही आहे. दोघांपुढे टिकलेल्या टेस्टवर मी निर्धास्त विसंबेन.

इथवर बोलणारा एकच होता. डीबगरच्या बाबतीत तेही खरं नसतं. ज्या प्रोग्रॅमची तपासणी चालली आहे तोही त्याच टर्मिनलवर छापत असतो. जीडीबी आणि तो प्रोग्रॅम या दोन वेगळ्या प्रोसेस. ‘नमस्कार’ ही प्रोग्रॅमची ओळ आणि ‘प्रोग्रॅम संपला’ ही जीडीबीची ओळ, यांतली कुठली आधी दिसेल? त्यात सी लायब्ररी छापायचा मजकूर स्वतःकडे साठवून ठेवते आणि सवडीने सोडते. म्हणून टेस्टमधले प्रोग्रॅम सुरुवातीलाच ही साठवण बंद करतात, आणि टेस्ट दोघांची वेगवेगळी वाट पाहते: प्रोग्रॅमचं बोलणं आलं का, जीडीबीचा प्रॉम्प्ट आला का, कुठलाही क्रम चालेल, पण दोन्ही आल्याशिवाय पुढे जायचं नाही. क्रम ठरलेला नसेल तर टेस्टने क्रम मागू नये, हे वाचताना सोपं वाटतं. प्रत्यक्षात टेस्ट लिहिणाऱ्याने स्वतःच्या टर्मिनलवर नेहमी एकच क्रम पाहिलेला असतो, आणि नेहमी दिसणारी गोष्ट नियम वाटते.

थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रॅमच्या पोटात एकाच वेळी चालणाऱ्या वाटा, आले की ही सवय आणखी महागात पडते. समजा टेस्टला दहा थ्रेड चालू असताना प्रोग्रॅम थांबवायचा आहे. मुख्य थ्रेडने बाकीच्यांना जन्म दिला. पण जन्माला आलेला थ्रेड लगेच धावतो असं नाही. मग लिहिणारा एक सेकंद झोपायची आज्ञा घालतो. ही झोप म्हणजे एक अंदाज आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी चुकतो. जलद मशीनवर सेकंदाचा बहुतेक भाग वाया जातो. लदलेल्या मशीनवर सेकंद पुरत नाही. खरा उपाय बॅरिअर हा: प्रत्येक थ्रेड आपण पोचलो असं सांगून तिथे थांबतो, आणि शेवटचा पोचला की सगळे एकदम सुटतात. बॅरिअर ओलांडल्यावर मुख्य थ्रेड एका फंक्शनला हाक मारतो, ज्याच्या पोटात काहीच नसतं. त्या रिकाम्या फंक्शनचं एकच काम, ब्रेकपॉइंटला जागा देणं. प्रोग्रॅम तिथे थांबला याचाच अर्थ सगळे थ्रेड चालू आहेत; सेकंद मोजायचं कारण उरत नाही. अशा प्रोग्रॅममध्ये बहुतेकदा एक अलार्मही लावलेला असतो, साधारण ३० किंवा ६० सेकंदांचा, कारण मधेच जीडीबी मेला तर हा बिचारा अनंत लूपमध्ये फिरत प्रोसेसर खात बसेल.

सगळ्याच रेस टेस्टमध्ये असत्या तर हा विषय एवढ्यावर संपला असता. पण कधी कधी टेस्टचं बरोबर असतं आणि शर्यत खुद्द डीबगरच्या आत लागलेली असते. म्हणूनच ‘ही टेस्ट अधूनमधून फेल होते, लक्ष देऊ नका’ हे वाक्य मला धोक्याचं वाटतं. जिम ग्रे यांनी १९८५ मध्ये संगणक का बंद पडतात यावर जो निबंध लिहिला, त्यात पाहायला गेलं की नाहीशा होणाऱ्या दोषांना हायझेनबग म्हटलं आहे. डीबगर तर पाहण्याचंच यंत्र. प्रोग्रॅमला थांबवून तो त्याची चाल बदलतो, आणि त्याच्या स्वतःच्या आत काय चाललंय हे छापायला सांगितलं तर त्या छापण्याच्या वेळाने त्याचीही चाल बदलते. अशा जागी शंभरात एकदा फेल होणारी टेस्ट हाच कधी कधी हाती असलेला एकमेव धागा असतो.

एक उदाहरण चालू प्रोग्रॅमला जोडून घेण्याचं. जीडीबीला त्या प्रोग्रॅमचा प्रत्येक थ्रेड पकडायचा असतो. लिनक्स थ्रेडांची यादी प्रॉक फाइल सिस्टिममध्ये ठेवतं. जीडीबी यादी वाचतो आणि एकेकाला पकडू लागतो. पण शेवटच्यापर्यंत जाईतो, अजून न पकडलेल्या एखाद्याने नवा थ्रेड जन्माला घातलेला असतो, आणि एखादा पकडायच्या आतच संपलेला असतो. म्हणून जीडीबी यादी पुन्हा वाचतो, आणि पुन्हा. लागोपाठ दोन फेऱ्यांत एकही नवा थ्रेड मिळाला नाही की मगच तो थांबतो. हे तपासायला एक निर्दय टेस्ट आहे: तिचा प्रोग्रॅम क्षणभर जगणारे थ्रेड अखंड जन्माला घालत राहतो, आणि जीडीबी त्याला जोडून घेतो, सोडतो, पुन्हा जोडून घेतो.

दुसरं उदाहरण ब्रेकपॉइंट ओलांडण्याचं, आणि ते मला सगळ्यांत सुंदर वाटतं. इंटेल वंशाच्या प्रोसेसरवर ब्रेकपॉइंट लावणं म्हणजे इन्स्ट्रक्शनचा पहिला बाइट उचलून ठेवून त्या जागी सापळ्याचा एक बाइट लिहिणं. प्रोग्रॅम त्यावर आदळतो आणि थांबतो. आता पुढे जायचं तर मूळ बाइट परत ठेवायचा, एक पाऊल टाकायचं, सापळा पुन्हा लावायचा. पण त्या एका पावलापुरता सापळा तिथे नसतो, आणि तेवढ्यात दुसरा थ्रेड तिथून न थांबता निघून जाऊ शकतो. बाकीच्या सगळ्यांना तेवढा वेळ रोखून धरणं हा एक उपाय. दुसरा उपाय असा, की सापळ्याला हात लावायचा नाही. मूळ इन्स्ट्रक्शनची प्रत दुसरीकडे नेऊन ठेवायची, थ्रेडला तिथे पाऊल टाकायला लावायचं, आणि झालेला परिणाम सावरून त्याला मूळ रस्त्यावर आणायचं. ही प्रत ठेवायला लिनक्सवर जीडीबी जागा निवडतो ती प्रोग्रॅमच्या प्रवेशद्वाराची. तिथला कोड सुरू होताना एकदाच चालतो आणि मग त्या जागेची कुणालाही गरज उरत नाही.

आणि ब्रेकपॉइंट काढून टाकल्यावर? एखादा थ्रेड त्यावर आधीच आदळलेला असतो, फक्त त्याची वर्दी जीडीबीपर्यंत पोचलेली नसते. ती पोचते तेव्हा ब्रेकपॉइंट यादीत नाही, आणि थ्रेड मात्र सापळ्याच्या एक बाइट पुढे उभा. त्याला एक बाइट मागे घ्यायचं की नाही? घ्यायला हवं होतं आणि घेतलं नाही, तर तो इन्स्ट्रक्शनच्या मधोमध चालू लागेल आणि त्यानंतर प्रोग्रॅम काय करील ते सांगता येणार नाही. म्हणून काढलेल्या ब्रेकपॉइंटची जागा जीडीबी लगेच विसरत नाही. मरणपंथाला लागलेल्या ब्रेकपॉइंटांच्या एका वेगळ्या यादीत ठेवतो. किती वेळ? हा अंदाज आहे, असं कोडमधली टिप्पणी उघड सांगते. पण तोही सेकंदांत मांडलेला नाही. थ्रेडांच्या संख्येत १ मिळवायचा आणि तिनाने गुणायचं, तेवढ्या वर्द्या येईपर्यंत. आठ थ्रेड असतील तर २७ वर्द्या आल्यावर ती नोंद पुसली जाते.